दिवा मंद कसा होतो?

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एक एकांकिका होती. शेवटच्या प्रवेशात एक वृद्ध शिक्षक खाटेवर पडलेले असतात आणि त्यांच्या उशाशी एक दिवा जळत असतो. त्यांचा श्वास मंदावत जातो, तसतसा दिवाही मंद होत जातो आणि शेवटी विझतो. तालमीत हा प्रसंग फार परिणामकारक होत असे. प्रत्यक्ष प्रयोगाच्या रात्री मात्र दिवा मंदच होईना. डिमरचे बटण अर्धे फिरले, तरी दिवा आपला लख्ख! मग तो एकाएकी फडफडू लागला, दोनतीनदा लुकलुकला आणि खटकन विझला. ज्या क्षणी सभागृहात शांतता पसरायची, त्या क्षणी हशा पिकला.

डिमरवर बसलेला बारावीचा विद्यार्थी रडवेला होऊन म्हणाला, "सर, माझा हात चुकला." त्याचा हात चुकला नव्हता. चूक माझी होती. तालमीत आम्ही ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब वापरत होतो. आदल्या दिवशी तो गेला, तेव्हा "त्या जागी ९ वॉटचा एलईडी लाव, प्रकाश तितकाच आणि वीज सातवा हिस्सा," असे मीच त्याला सांगितले होते. वर्गात वीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने, हे दोन दिवे वीज कशी घेतात, याचा विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तो डिमर आणि दोन्ही बल्ब घेऊन प्रयोगशाळेत बसलो. तेव्हा जे ध्यानात आले, ते तुम्हांलाही उपयोगी पडेल. कारण आता डिमर फक्त नाट्यगृहात राहिलेला नाही. दिवे आपोआप लागणे, मंद होणे, विझणे अशी सोय असलेल्या घरांत तो भिंतीच्या आत, किंवा खुद्द बल्बच्या आत येऊन बसला आहे.

रोधाचा जुना मार्ग

दिवा मंद करायचा म्हणजे त्याला मिळणारी विद्युतशक्ती कमी करायची. तुम्हांला ओहमचा नियम ठाऊक आहे. तेव्हा पहिली युक्ती कोणालाही सुचेल ती ही, की दिव्याच्या एकसरीत एक रोध जोडावा. रोध वाढला की प्रवाह घटेल आणि दिवा मंद होईल.

लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ साली उघडले. संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळणारे ते पहिले सार्वजनिक नाट्यगृह मानले जाते. तेथे सुमारे १२०० दिवे होते. वीज सुरक्षित आहे हे लोकांना पटावे म्हणून नाट्यगृहाचे चालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी रंगमंचावर येऊन पेटलेला बल्ब सर्वांसमक्ष फोडून दाखवला होता. त्यानंतर कित्येक दशके नाट्यगृहांतले दिवे मंद केले जात, ते मुख्यतः रोधाच्याच साहाय्याने.

या पद्धतीत खोट कोठे आहे, ते आकडेमोड करून पाहू. २३० व्होल्टवर चालणारा १०० वॉटचा बल्ब घ्या. त्याचा प्रवाह सुमारे ०.४३ ॲम्पिअर आणि पेटलेल्या स्थितीतला रोध सुमारे ५३० ओहम येतो. त्याच्याशी एकसरीत आणखी ५३० ओहमचा रोध जोडला, तर प्रवाह निम्मा होईल. शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; म्हणून बल्बला १०० ऐवजी २५ वॉट मिळतील. पण रोधातूनही तोच प्रवाह जातो. तेव्हा तोसुद्धा २५ वॉट खाईल आणि त्यांची निव्वळ उष्णता करील. म्हणजे मीटरमधून गेले ५० वॉट आणि त्यांतले निम्मे डब्यात तापण्यात गेले! (तार थंड झाली की तिचा स्वतःचा रोध कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतात, निष्कर्ष मात्र बदलत नाही.)

तुमच्यापैकी काहींच्या घरी, निदान आजोळी, पंख्याचा तो जुना मोठा चौकोनी रेग्युलेटर अजून असेल. त्याला हात लावला तर तो गरम लागतो. पंखा सावकाश चालवला तरी विजेचे बिल फारसे उतरत नाही, असे वडीलधारी माणसे म्हणत. त्याचे कारण हेच. पंख्याने सोडलेली वीज रेग्युलेटर खात असे.

विजेची काटछाट

मग दुसरा मार्ग कोणता? याचे उत्तर आपल्या घरच्या विजेच्या स्वरूपातच दडलेले आहे. आपल्याला मिळते ती प्रत्यावर्ती वीज. तिचा दाब शून्यापासून वाढत सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो, पुन्हा शून्यावर येतो, मग उलट दिशेने तितकाच वाढतो आणि परत शून्यावर येतो. अशी ५० आवर्तने एका सेकंदात होतात. २३० व्होल्ट हा या चढउताराचा परिणामी आकडा आहे. एका आवर्तनात दोन अर्धी आवर्तने, म्हणजे सेकंदाला १०० अर्धी आवर्तने झाली आणि प्रत्येकाला वेळ लागला १० मिलिसेकंद.

आता समजा, अशी एक अतिशय चपळ कळ आपल्याजवळ आहे, की जी प्रत्येक अर्ध्या आवर्तनाच्या आरंभी बंद राहते, काही मिलिसेकंद थांबते आणि मग चालू होते. थांबलेल्या वेळात दिव्याला काहीच मिळणार नाही. उरलेल्या वेळात पूर्ण दाब मिळेल. म्हणजे प्रवाहाला अडवून त्याची उष्णता करायची नाही. नको असेल तितका वेळ तो सुरूच होऊ द्यायचा नाही. बंद कळीतून प्रवाह वाहत नाही, म्हणून तेथे शक्ती खर्च होत नाही. चालू कळीवर दाब जवळजवळ नसतो, म्हणून तेथेही ती फारशी खर्च होत नाही. आजचा डिमर हातात मावतो आणि फारसा तापत नाही, तो यामुळे.

चौकोन मोजून पाहा

येथे एक गंमत आहे. कळ निम्मा वेळ, म्हणजे ५ मिलिसेकंद थांबली, तर शक्ती निम्मी होते, हे सरळ आहे. पण ती २ मिलिसेकंद थांबली, तर शक्ती २० टक्क्यांनी कमी होईल का? पुढे वाचण्यापूर्वी स्वतःचे उत्तर मनाशी धरून ठेवा.

आलेख कागदावर आडव्या अक्षावर ० ते १० मिलिसेकंद घ्या. १० मिलिसेकंद म्हणजे १८० अंश. तेव्हा १ मिलिसेकंद म्हणजे १८ अंश. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून प्रत्येक भागाच्या मध्यावरील कोनाची, म्हणजे ९, २७, ४५, ६३, ८१ अंशांची ज्या (साइन) काढून तिचा वर्ग करा. उत्तरे अनुक्रमे ०.०२, ०.२१, ०.५०, ०.७९ आणि ०.९८ अशी येतील. पुढच्या पाच भागांत हेच आकडे उलट क्रमाने येतात. दहाही आकड्यांची बेरीज ५ होते. म्हणजे पहिल्या मिलिसेकंदात अर्ध्या आवर्तनातील ऊर्जेचा फक्त अर्धा टक्का, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात १०, चौथ्यात १६ आणि पाचव्यात साडेएकोणीस टक्के ऊर्जा येते.

तेव्हा आरंभीचे २ मिलिसेकंद कापले, तर जेमतेम ५ टक्के शक्ती कमी होते. ३ कापले तर सुमारे १५ टक्के. ५ कापले की निम्मी उरते, ७ कापले की १५ टक्के आणि ८ कापले की ५ टक्के उरते. डिमरच्या बटणाच्या दोन्ही टोकांना फारसे काही घडत नाही आणि मधल्या पट्ट्यात भराभर बदल होतो, याचे गणित हे आहे. त्यासाठी कॅलक्युलस लागले नाही. आलेख कागद आणि ज्यांचे कोष्टक एवढेच पुरले.

सायफनसारखी कळ

अशी चपळ कळ १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बाजारात नव्हती. त्या सुमारास अमेरिकेत सिलिकॉन या अर्धवाहकापासून बनवलेला थायरिस्टर विक्रीला आला. थायरिस्टर एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो. पुढे १९६० च्या दशकात दोन्ही दिशांना काम करणारा त्याचा भाऊ निघाला, तो ट्रायॅक. घरातील स्विचच्या नेहमीच्या पेटीत बसेल असा डिमर अमेरिकेतील जोएल स्पायरा यांनी १९५९ साली तयार केला आणि १९६१ मध्ये तो बनवण्यासाठी लुट्रॉन ही कंपनी काढली. स्पायरा भौतिकशास्त्राचे पदवीधर होते. त्यांचा पहिला डिमर डायोड आणि टप्पे असलेल्या रोहित्रावर चाले. ट्रायॅकचे डिमर त्यानंतर आले.

ट्रायॅकचे वर्तन समजण्यासाठी सायफन आठवा. टाकीत सोडलेल्या नळीतून पाणी आपणहून वाहत नाही. एकदा तोंडाने ओढून ते सुरू करून दिले की मग आपण काही करावे लागत नाही. पाणी वाहतच राहते. टाकीतली पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की मात्र ते थांबते आणि पुन्हा सुरू करण्यासाठी नव्याने ओढावे लागते. ट्रायॅकचे तसेच आहे. त्याच्या द्वाराला क्षणभर छोटासा प्रवाह दिला की तो चालू होतो आणि नंतर द्वाराचा प्रवाह काढून घेतला तरी चालूच राहतो. मुख्य प्रवाह एका ठराविक मर्यादेखाली गेला की तो बंद पडतो. प्रत्यावर्ती वीज सेकंदातून १०० वेळा शून्यावर येते. म्हणजे त्याला बंद करण्याचे काम वीज स्वतःच करते! आपण फक्त चालू कधी करायचे, ते ठरवायचे.

ते ठरवते डिमरचे बटण. बटणामागे एक बदलता रोध असतो आणि त्याच्या वाटे एक धारित्र भरत असते. रोध कमी असेल, तर धारित्र लवकर भरते. जास्त असेल, तर सावकाश. धारित्र ०.१ मायक्रोफॅरडचे आणि रोध १ लाख ओहमचा असेल, तर त्यांचा गुणाकार १० मिलिसेकंद येतो, म्हणजे काळाची मोजपट्टी अर्ध्या आवर्तनाएवढीच झाली. धारित्रावरचा दाब सुमारे ३० व्होल्ट झाला की डायॅक नावाचा आणखी एक छोटा अर्धवाहक एकदम वाट मोकळी करतो आणि ट्रायॅकच्या द्वाराला धक्का बसतो. एक बदलता रोध, एक धारित्र, एक डायॅक आणि एक ट्रायॅक. साधा डिमर म्हणजे मुख्यतः एवढेच.

मात्र यात एक उपद्रव आहे. दाब ३०० व्होल्टच्या आसपास असताना कळ एकदम चालू झाली की प्रवाहाची सरळ उभी भिंत तयार होते. अशा धारदार बदलात ५० हर्ट्‌झपेक्षा कितीतरी जास्त वारंवारतेचे तरंग मिसळलेले असतात. ते तारांवाटे पसरतात आणि मध्यम लहरींवर आकाशवाणी लावली असेल, तर रेडिओ गुरगुरतो. म्हणून चांगल्या डिमरमध्ये ही भिंत थोडी कलती करण्यासाठी तांब्याच्या तारेचे वेटोळे घातलेले असते. डिमर उघडून दाखवला आणि वेटोळे दिसले नाही, तर पैसे कोठे वाचवले आहेत ते समजावे.

तापलेल्या तारेचा स्वभाव

आता दिव्याकडे वळू. सेकंदाला १०० वेळा वीज तोडली, तर तारेचा बल्ब लुकलुकत कसा नाही? त्याची टंगस्टनची तार सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असते. वीज काही मिलिसेकंद बंद झाली, म्हणून ती लगेच थंड होत नाही. तापलेला तवा चुलीवरून उतरवला, तरी त्यावर एखादी भाकरी भाजून निघते, तसेच हे. उरलीसुरली लुकलुक आपल्या डोळ्याला इतक्या वेगाने टिपता येत नाही.

पण तारेचा बल्ब मंद करणे ही बचत आहे का? दाब निम्मा केला, तर असा बल्ब साधारण एक तृतीयांश वीज घेतो. प्रकाश मात्र एक दशांशच देतो. तार जितकी थंड, तितके तिचे प्रारण अवरक्त, म्हणजे न दिसणाऱ्या भागात सरकते. म्हणूनच मंद बल्ब तांबूस दिसतो. बल्बचे आयुष्य यामुळे पुष्कळ वाढते, हे खरे. पण कायमच मंद प्रकाश हवा असेल, तर मोठा बल्ब मंद करण्यापेक्षा लहान बल्ब लावणेच शहाणपणाचे.

डोळ्याचा हिशेब

या व्यवहारात आणखी एक हिशेबनीस आहे, तो म्हणजे आपला डोळा. प्रकाशमापकाने मोजलेला प्रकाश निम्मा झाला, तर तो डोळ्याला निम्मा वाटत नाही. प्रकाशयोजनाकार एक ढोबळ नियम वापरतात. वाटणारा प्रकाश मोजलेल्या प्रकाशाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे मोजलेला प्रकाश एक चतुर्थांश झाला की तो निम्मा वाटतो. एक दशांश झाला, तरी जवळजवळ एक तृतीयांश असल्यासारखा वाटतो.

याचा फायदा तुमच्या ध्यानात आला असेल. दूरचित्रवाणी पाहताना किंवा रात्री उठून पाणी पिताना "अर्धा" उजेड पुरतो. तो अर्धा वाटणारा उजेड प्रत्यक्षात पाव उजेड असतो. एलईडीच्या बाबतीत वीज जवळपास प्रकाशाच्या प्रमाणातच लागते. म्हणून तेथे मंद करणे ही खरोखरची बचत ठरते. तारेच्या बल्बला जे साधत नव्हते, ते येथे साधते.

एलईडीचे तंत्र निराळे

मग आमचा एलईडी बिघडला कोठे? तो बिघडला नव्हताच. तो आपले काम फार चोख करत होता.

एलईडी हा अर्धवाहक डायोड आहे. त्याला एकाच दिशेचा आणि ठराविक प्रवाह लागतो. म्हणून बल्बच्या बुडाशी एक छोटे मंडल बसवलेले असते; त्याला चालक म्हणतात. ते प्रत्यावर्ती विजेची एकदिश वीज करते, धारित्रात साठवते आणि एलईडीला मोजून प्रवाह देते. बाहेरचा दाब २३० वरून १८० वर उतरला, किंवा २५० वर चढला, तरी एलईडीचा प्रवाह तोच राखायचा, हे त्याचे कर्तव्य. खेड्यात संध्याकाळी दाब उतरला की तारेचा बल्ब निखाऱ्यासारखा होत असे. तेथे असा एलईडी तितकाच उजळ राहतो. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. अनेक घरांत लोकांना हा गुण प्रत्यक्ष अनुभवायला मिळाला असेल.

आता हा गुण डिमरसमोर ठेवा. डिमर म्हणतो, "तुला कमी वीज देतो." चालक म्हणतो, "काळजी नको, मी प्रकाश कमी होऊ देणार नाही!" शिवाय, आरंभीचे ५ मिलिसेकंद कापेपर्यंत लाटेचे शिखर शाबूत असते, त्यामुळे धारित्र जवळजवळ पूर्ण भरत राहते. म्हणून बटण अर्धे फिरले, तरी दिवा लख्ख. त्यापुढे शिखर कापले जाऊ लागते, साठा अपुरा पडतो आणि चालक काम सोडतो. काम सोडले की प्रवाह घेतला जात नाही, साठा पुन्हा थोडा भरतो, चालक पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. हीच ती फडफड.

त्यात ट्रायॅकनेही भर घातली. सायफन चालू राहायला पाण्याची काही किमान पातळी लागते, तसा ट्रायॅकला काही किमान प्रवाह लागतो. तो पुष्कळदा काही दशक मिलिअॅम्पिअर असतो. ६० वॉटचा बल्ब सुमारे २६० मिलिअॅम्पिअर घेतो; ९ वॉटचा एलईडी सरासरी ४० च्या आसपास, आणि तोही सलग नव्हे. म्हणून ट्रायॅक भलत्याच वेळी बंद पडतो. प्रयोगशाळेत त्या डिमरवर एलईडीच्या जोडीला तारेचा एक बल्ब समांतर लावताच फडफड बरीच कमी झाली, यावरून आमची खात्री पटली.

यावर उपाय निघाले आहेत. मंद होऊ शकणाऱ्या एलईडीच्या खोक्यावर तसे स्पष्ट छापलेले असते. त्याचा चालक लाट किती कापली आहे ते ओळखतो आणि त्या मानाने एलईडीचा प्रवाह घटवतो. डिमरमध्येही नवा प्रकार आला. तो अर्धे आवर्तन शून्यापासून सुरू होऊ देतो आणि शेवटचा भाग कापतो. दाब शून्यापासून हळूहळू चढत असल्याने प्रवाहाची उभी भिंत टळते. येथे प्रवाह शून्य नसताना तोडावा लागतो. ते ट्रायॅकला जमत नाही, म्हणून ट्रान्झिस्टर वापरतात.

ज्या दिव्यांत नियंत्रण आतच असते, त्यांत पुष्कळदा तिसरी रीत वापरतात. एलईडी सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा पूर्ण चालू व पूर्ण बंद करायचा आणि चालू व बंद वेळांचे प्रमाण बदलायचे. एलईडीजवळ तापलेल्या तारेचा साठा नसतो, तो तत्क्षणी विझतो. तरी सरासरी प्रकाश डोळ्याला सलग वाटतो. हे पडताळण्यास सोपे आहे. मंद केलेल्या एलईडीच्या उजेडात पांढरी पेन्सिल जलद हलवा. काही दिव्यांखाली तिच्या सुट्या सुट्या अनेक प्रतिमा दिसतील. तारेच्या बल्बखाली केवळ धूसर पंखा दिसेल. कोणता दिवा कसा वागतो, याची नोंद ठेवा.

दिव्याला दुरून हुकूम

एकदा डिमर अर्धवाहकाचा झाला की बटण माणसानेच फिरवले पाहिजे, असे राहत नाही. किती मिलिसेकंद थांबायचे, तो आकडा कोणीही कळवला तरी चालतो. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ साली एक्स-टेन नावाची पद्धत विकसित केली. तिच्यात नव्या तारा ओढाव्या लागत नसत. घरातल्या विजेच्या तारांवरूनच निरोप जाई. दाब शून्यावर येतो त्या शांत क्षणी १२० किलोहर्ट्‌झ वारंवारतेचा १ मिलिसेकंदाचा स्पंद सोडायचा. स्पंद आला तर १, न आला तर ०. अशा अंकांनी दिव्याचा पत्ता आणि "मंद हो" हा हुकूम, दोन्ही पाठवता येत. एकंदर २५६ पत्ते शक्य होते.

मोठ्या इमारतींत डाली ही पद्धत वापरतात. तिच्यात एका जोडतारेवर ६४ दिव्यांना वेगवेगळे पत्ते देता येतात आणि प्रत्येकाला उजेडाच्या २५४ पायऱ्या असतात. सर्वांत खालची पायरी पूर्ण प्रकाशाच्या एक हजारांश असते आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा सुमारे २.८ टक्क्यांनी उजळ असते. सारखी बेरीज नाही, सारखा गुणाकार! डोळ्याचा तो हिशेब या पायऱ्यांत मुरलेला आहे. खिडकीजवळच्या दिव्यांनी भर दुपारी आपोआप मंद व्हावे आणि ढग आले की उजळावे, अशी योजना यामुळे करता येते.

घरासाठी आता बिनतारी संदेश ऐकणारे बल्ब मिळतात. सोय मोठी आहे. विशेषतः अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठावे न लागता दिवा लावता येतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण हिशेबही करावा. हुकूम ऐकण्यासाठी बल्ब दिवसभर जागा राहतो. त्यासाठी त्याला अर्धा वॉट लागतो असे धरा. असा ९ वॉटचा बल्ब रोज एकच तास लावला, तर वर्षाला उजेडासाठी सुमारे ३.३ युनिट लागतील आणि उरलेले २३ तास जागे राहण्यासाठी सुमारे ४.२ युनिट! म्हणजे दिवा लावण्यापेक्षा हुकुमाची वाट पाहण्यालाच अधिक वीज लागली. माळ्यावरच्या दिव्याला साधी कळच बरी.

एवढे ध्यानात ठेवा

डिमर म्हणजे सुरक्षित बंद कळ नव्हे. अर्धवाहक "बंद" असतानाही त्यातून किंचित प्रवाह झिरपतो. काही एलईडी बंद केल्यावरही अंधारात मिणमिणतात, ते यामुळे. म्हणून बल्ब बदलण्यापूर्वी मुख्य कळ बंद करावी. दिव्याच्या डिमरवर पंखा, मिक्सर किंवा साधी ट्यूबलाइट लावू नये. डिमर उघडणे, त्यातला भाग बदलणे हे जाणत्या तंत्रज्ञाचे काम आहे. हौशी नाटकमंडळींत कधी कधी मिठाच्या पाण्यात पत्रे बुडवून दिवे मंद करण्याची युक्ती सांगितली जाते. २३० व्होल्टचे उघडे पाणी जिवावर बेतू शकते, तिच्या वाटेला जाऊ नये.

पुढे ती एकांकिका आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पुन्हा केली. दिवा कोणता लावायचा, हे या वेळी मी त्या विद्यार्थ्यावरच सोपवले. त्याने मंद होणारा एलईडीही आणून पाहिला. पण अगदी शेवटच्या टप्प्यात तो एकदम विझे. शिवाय तो पांढराच राही. शेवटी त्याने ६० वॉटचा तारेचा बल्ब निवडला. त्या एका मिनिटाच्या कामात विजेची बचत महत्त्वाची नव्हती. तांबूस होत विझणारी तार महत्त्वाची होती. बटण कोठे किती वेळात फिरवायचे, याचे कोष्टक त्याने आलेख कागदावर स्वतः काढले होते. सुरुवातीला भरभर, मधल्या पट्ट्यात अगदी सावकाश.

दिवा निखाऱ्याएवढा झाला आणि विझला. सभागृहात कोणी हसले नाही.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा पायऱ्यापायऱ्यांचा नवा पंखा-रेग्युलेटर फारसा तापत नाही. त्याच्या अनेक प्रकारांत रोधाऐवजी धारित्रे एकसरीत जोडलेली असतात. धारित्रावर दाब असतो, त्यातून प्रवाहही जातो. मग ते रोधाप्रमाणे का तापत नाही? आपल्या शिक्षकांबरोबर चर्चा करा. आलेख कागद जवळ असू द्या, आणि या खेपेला दाबाचा व प्रवाहाचा, असे दोन्ही वक्र काढा.